देवनागरी अक्षराचे माप: खिळ्यापासून पडद्यापर्यंत

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेड व नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर महागाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. कापूस आणि सोयाबीन ही येथील मुख्य पिके. या तालुक्यातील खातेदारास आपल्या जमिनीचा सातबारा पाहावयाचा असल्यास एकेकाळी तलाठ्याच्या दप्तराकडे जावे लागे. २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून मिळू लागला, आणि खेड्यात तो बहुधा खिशातील फोनवरच उघडला जातो. हा उतारा ए-४ कागदाच्या मापाचे बांधीव पान म्हणून येतो. त्या कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. फोनच्या पडद्याची रुंदी सुमारे ७० मिलिमीटर. पान पडद्यात बसविले की प्रत्येक अक्षर एक-तृतीयांश होते. कागदावर जे १२ पॉइंटांचे असते ते पडद्यावर ४ पॉइंटांचे उरते, म्हणजे दीड मिलिमीटरही नाही. चाळिशी लावणाऱ्या वाचकास या आकारात ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद दिसत नाही. दोन बोटांनी पान मोठे करावे तर अक्षर दिसते, परंतु ओळ पडद्याबाहेर जाते. क्षेत्राचा आकडा एका टोकास आणि ते क्षेत्र ज्याच्या नावे आहे ते नाव दुसऱ्या टोकास, अशी स्थिती होते. वारसनोंद आणि बोजा यांसारख्या गोष्टी वाचणाऱ्यास ही गैरसोय किरकोळ म्हणता येणार नाही.

येथे दोष पडद्याच्या लहानपणाचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि त्याच फोनवर, त्याच वाचकास, दुसऱ्या एखाद्या पानावरील मजकूर मोठा करून घेता येतो आणि ओळी पडद्याच्या रुंदीत आपोआप नव्याने मोडतात. फरक पडतो तो अक्षराचा आकार कोणत्या एककात व कशाच्या सापेक्ष सांगितला आहे यामुळे. हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. मुद्रणकलेच्या आरंभापासून तो आहे, आणि देवनागरीच्या बाबतीत तो रोमन लिपीपेक्षा अधिक बिकट आहे. त्याचा इतिहास मराठी मुद्रणाच्या इतिहासात फारसा लिहिला गेलेला नाही. खिळे किती, याची मोजदाद पुष्कळ झाली, अक्षर केवढे, याची कमी.

धातूच्या खिळ्यांच्या काळात अक्षराचा आकार म्हणून जो आकडा सांगितला जाई तो वास्तविक अक्षराचा नसे. तो खिळ्याच्या अंगाचा असे. अक्षर ज्या धातूच्या ठोकळ्यावर उठविलेले असते त्या ठोकळ्याची उभी लांबी हेच माप. त्यावर अक्षर किती जागा व्यापते हे अक्षर कोरणाऱ्याच्या हाती. या अंगाएवढ्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे ‘एम’. परिच्छेदाच्या आरंभी सोडावयाची जागा जुळारी या एमनेच मोजत असे. म्हणजे एम ही ठराविक लांबी नव्हे. खिळा मोठा घेतला की एमही मोठा होतो, आणि त्यावर बेतलेली सगळी रचना त्याच प्रमाणात वाढते. सापेक्ष मापाची ही कल्पना छापखान्यात शतकानुशतके रुळलेली होती, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

अंगाची मापे प्रथम नावांनी ओळखली जात. पायका, लाँग प्रायमर, ग्रेट प्रायमर ही इंग्रजी नावे आपल्याकडील छापखान्यांतही आली. एका कारखान्याचा पायका दुसऱ्याच्या पायक्याशी जुळेलच असा नियम नव्हता. फ्रान्समध्ये फुर्निये याने १७३७ साली पॉइंटांचे कोष्टक प्रसिद्ध केले, पुढे दिदो घराण्याने ते सुधारले, आणि अमेरिकेतील खिळे ओतणाऱ्यांच्या संघाने १८८६ साली आपली पॉइंटपद्धत ठरविली. तीत १२ पॉइंटांचा एक पायका होतो आणि इंचात ७२ हून किंचित अधिक पॉइंट बसतात. १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट या संगणकीय पृष्ठभाषेने हा अपूर्णांक काढून टाकला व इंचास बरोबर ७२ पॉइंट धरले. हेच माप आज सर्वत्र चालते. कारागिराची सोय त्यामुळे निःसंशय झाली. वाचणाऱ्याच्या डोळ्याचा या कोष्टकांत कोठे संबंध आलेला नाही.

देवनागरी या अंगावर बसविताना अडचण अशी की तिच्या लेखनाचे तीन मजले आहेत. शिरोरेषेखाली मुख्य अक्षर. शिरोरेषेवर मात्रा, अनुस्वार, रफार आणि वेलांटीचे वळण. पायाखाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे उतरते भाग. रोमन लिपीतही वर जाणारे आणि खाली उतरणारे दांडे आहेत, परंतु तेथे ते त्याच अक्षराचे अवयव असतात. देवनागरीत वरचे आणि खालचे मजले स्वतंत्र वर्णांना वाहिलेले आहेत. ‘वश’ आणि ‘वंश’, ‘सप’ आणि ‘सर्प’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील अर्थभेद सर्वस्वी या मजल्यांत राहतो. साहजिकच अंगाचा मोठा वाटा वर-खाली द्यावा लागतो आणि मधले अक्षर लहान होते. १२ पॉइंटांची देवनागरी १२ पॉइंटांच्या रोमनशेजारी ठेवली असता बारीक दिसते ती यामुळेच. आकडा एक आहे म्हणून आकार एक आहे असे मानणे ही या विषयातील सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक होय.

मराठीसाठी देवनागरी खिळे प्रथम बंगालमधील श्रीरामपूर येथे वापरले गेले. विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथे निघाले तेव्हा मोडीचे खिळे तयार नव्हते, म्हणून देवनागरीची योजना झाली. त्याचा कोश १८१० साली मोडीत छापला गेला. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने हे काम पुढे नेले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग काढले. शिळाप्रेसला खिळ्याचे बंधन नाही. लेखक लिहील ते अक्षर दगडावर उतरते, आणि म्हणून शिळाछाप पोथ्यांचे अक्षर हस्तलिखितांसारखे ऐसपैस राहिले. खिळ्यांच्या छपाईत ती मोकळीक नव्हती. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली शिकलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना स्थापन केला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांचे वळण पुढे सबंध देशात देवनागरीचा नमुना म्हणून मानले गेले. लहान अंगावरही मात्रा-उकार स्पष्ट राहणे हा त्या अक्षरांचा मोठा गुण, आणि तो आरू यांच्या हाताचा होता, मापाच्या आकड्याचा नव्हता.

तीन मजले जुळविण्याच्या दोन रीती प्रचारात होत्या. एकीत अक्षर मात्रेसह एकाच खिळ्यावर अखंड ओतीत. दुसरीत, जिला ‘डिग्री’ म्हणत, वरचे चिन्ह, मधले अक्षर आणि खालचे चिन्ह यांचे निरनिराळे खिळे एकावर एक बसवीत. पहिलीत खिळ्यांची संख्या फुगते, दुसरीत जुळाऱ्याचे श्रम वाढतात. यातून पुढील शंभर वर्षांची चर्चा निघाली. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यात लक्ष घातले, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली, हरी गोविल यांनी १९३०–४० या दशकात देवनागरी लायनोटाइप यंत्रावर आणली, लखनौच्या १९५३ च्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे देण्याचा बदल सुचविला, तो टिकला नाही. बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सर्व पसारा मोठ्या परिश्रमाने नोंदविला आहे. त्या चर्चेत यंत्र, खर्च आणि कळफलक यांचा विचार भरपूर आहे. वाचक तीत आहे तो बहुधा पुस्तक स्वस्तात मिळावे अशी इच्छा करणारा ग्राहक म्हणून.

वाचकाने आपली गरज मग दुसऱ्या वाटेने भागविली. हरिपाठ, गुरुचरित्र, शिवलीलामृत, ज्ञानेश्वरी ही पुस्तके मराठी बाजारात दोन रूपांत मिळत आली: खिशात मावणारा गुटका, आणि ‘मोठ्या टाइपातील’ प्रत. मुखपृष्ठावर टाइपाचा आकार जाहिरात म्हणून छापला जावा, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. एकच संहिता, दोन मापे, आणि निवड वाचणाऱ्याची. म्हाताऱ्या माणसाने मोठी प्रत घ्यावी, प्रवाशाने गुटका घ्यावा. ही निवड खरेदीच्या वेळी एकदाच करता येत असे आणि तिला पैसे पडत, एवढीच तिची मर्यादा.

संगणकावरील अक्षरजुळणी आली तेव्हा मापाची भाषा पॉइंटांचीच राहिली. पुण्यात सी-डॅक आणि मॉड्युलर इन्फोटेक या संस्थांनी देवनागरीसाठी जी साधने तयार केली त्यांनी मराठी छापखान्यांचा कायापालट केला. मात्र त्या काळातील फॉन्टांत अक्षरांना क्रमांक देण्याची प्रत्येकाची रीत वेगळी होती, आणि एकाच पॉइंटांकाला प्रत्येकाचे अक्षर कमीअधिक दिसे. आंतरजालावर मराठी मजकूर आला तो आरंभी अशाच फॉन्टांच्या आधारे. ज्याच्या संगणकात तो फॉन्ट नसे त्याला निरर्थक चिन्हांची रांग दिसे. ते टाळण्यासाठी काही ठिकाणी मजकुराचे चित्रच करून लावीत. चित्रातील अक्षरास एकक नसते. ते मोठे केले की फुटते, ओळ मोडत नाही, आणि दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनास त्यात अक्षर सापडतच नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत झाला होता; तिचा व्यवहारातील उपयोग मात्र विंडोज २००० बरोबर आलेल्या ‘मंगल’ या फॉन्टनंतर रुळू लागला. मंगलची आखणी मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत र. कृ. जोशी यांनी केली. मजकूर पुन्हा मजकूर झाला, आणि मगच त्याच्या आकाराचा प्रश्न विचारता येऊ लागला.

तो प्रश्न ज्या नियमावलीत येतो तिचे नाव कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, संक्षेपाने सीएसएस. होकॉन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी तिचा प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस यांच्यासह सिद्ध केलेली पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झाली. तत्पूर्वी पानाचा आकारउकार ब्राउझरच्या हाती होता, आणि पानाच्या कर्त्यास त्यावर ताबा हवा होता. लेखकाची शैली आणि वाचकाची शैली यांच्यात मेळ घालणे हे या योजनेचे मूळ उद्दिष्ट. नावातील ‘कॅस्केड’ म्हणजे एकावर एक येणाऱ्या नियमांचा प्रवाह, आणि त्यात वाचकाचेही नियम धरलेले आहेत. या पहिल्या आवृत्तीतच अक्षराच्या आकारासाठी दोन कुळांतील एकके दिली होती. इंच, सेंटिमीटर, पॉइंट, पायका ही एका कुळातील. एम, एक्स आणि टक्का ही दुसऱ्या कुळातील. छापखान्यातील एम येथे जसाच्या तसा आला: ज्या मजकुराला तो लागू आहे त्याच्या अक्षराचा आकार म्हणजे एक एम.

पिक्सेल या एककाची गोष्ट निराळी. नावावरून ते पडद्यावरील ठिपक्याचे माप वाटते. व्याख्येने ते दृष्टिकोनाचे माप आहे. इंचास ९६ ठिपके असलेला पडदा हाताच्या अंतरावर, म्हणजे २८ इंचांवर धरला असता त्यातील एका ठिपक्याने डोळ्याशी जो कोन केला तो एक पिक्सेल. त्या अंतरावर त्याची लांबी सुमारे ०.२६ मिलिमीटर येते. फोन डोळ्याजवळ धरला जातो म्हणून तेथे पिक्सेल लहान असतो. ७० मिलिमीटर रुंदीच्या फोनवर बहुधा ३६० पिक्सेल बसतात, म्हणून एक पिक्सेल ०.१९ मिलिमीटर, आणि ब्राउझर मूळ आकार म्हणून जे १६ पिक्सेल धरतो ते सुमारे ३.१ मिलिमीटर. एककाच्या व्याख्येत डोळा आला तो येथे प्रथमच. परंतु तो सरासरी डोळा आहे. चाळिशी, मोतीबिंदू, दुपारचे ऊन आणि फोनच्या काचेवरील चरे यांचा त्या व्याख्येशी संबंध नाही.

पानांचे कर्ते पिक्सेलकडे वळले याचे कारण सरळ होते. आकडा लिहिला की तोच पडद्यावर उमटे, आणि जवळपास सर्व यंत्रांवर सारखा. वाचकाच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला की, २००१ साली आलेल्या आणि दीर्घकाळ सर्वत्र चाललेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत अक्षरे मोठी करण्याची सोय असूनही पिक्सेलमध्ये सांगितलेली अक्षरे तिने हलत नसत. १९९९ मधील सुलभतेच्या पहिल्या जागतिक मार्गदर्शिकेने निरपेक्ष एककांऐवजी सापेक्ष एकके वापरावीत असे स्पष्ट सांगितलेले होते. ते वाचले जात असे, पाळले क्वचित जाई.

सापेक्ष एककाची स्वतःची गुंतागुंत होती हेही खरे. एम हे आपल्या निकटच्या पूर्वपदाकडे पाहते. मजकुराच्या आतील मजकुरास ०.८ एम, त्याच्याही आतील यादीस पुन्हा ०.८ एम, आणि तिच्या पोटयादीस पुन्हा तेच सांगितले तर १६ चे १२.८, मग १०.२४, मग ८.२ असे होत अक्षर तळाशी जाते. व्याकरणातील सर्वनामाचे उदाहरण येथे चपखल बसते: ‘तो’ म्हणजे कोण, हे त्याच्या आधी कोण आला यावर ठरते, आणि वाक्यात वाक्य गुंफत गेल्यास संदर्भ हातचा निसटतो. रिचर्ड रटर यांनी २००४ मध्ये यावर एक हिशेबी तोड सांगितली. मूळ आकार ६२.५ टक्के करावा म्हणजे १६ चे १० होतात आणि पुढचे गणित तोंडी करता येते. तोड लोकप्रिय झाली. खरी उकल आली ती ‘रेम’ या एककाने. रेम निकटच्या पूर्वपदाकडे न पाहता सर्व पानाच्या मुळाकडे पाहते. मुळाचा आकार वाचकाने ठरविलेला, व इतर सर्व मापे त्याच्या पटीत. साधारण २०१० ते २०११ या काळात ब्राउझरांनी ते स्वीकारले. ज्याने आपल्या ब्राउझरमध्ये मूळ आकार १६ ऐवजी २४ ठेवला त्याला १ रेम म्हणजे २४, दीड रेमचा मथळा ३६. कर्त्याने ठरविलेले प्रमाण कायम आणि वाचकाने ठरविलेले मापही कायम. पोथीची मोठी प्रत आणि गुटका यांतील निवड येथे एकाच प्रतीच्या पोटात आली.

दरम्यान ब्राउझरांनी सबंध पानच मोठे करण्याची सोय दिली, इंटरनेट एक्सप्लोररने २००६ मध्ये आणि फायरफॉक्सने २००८ मध्ये, व पिक्सेलमधील अक्षरेही मोठी होऊ लागली. त्याच २००८ सालच्या डिसेंबरात आलेल्या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या आवृत्तीने एककाचा उल्लेख वगळला आणि फक्त फल सांगितले: आशय अथवा सोय न गमावता मजकूर दुप्पट करता आला पाहिजे. म्हणून एककाचा वाद संपला असे काही जण म्हणतात. तो संपलेला नाही. पान मोठे करणे ही प्रत्येक संकेतस्थळी नव्याने करावयाची कृती आहे. मूळ आकार हा वाचकाने एकदा सांगून ठेवलेला निर्णय आहे, आणि पिक्सेल त्या निर्णयाची दखल घेत नाही. नियमाची पूर्तता दोहोंनी होत असली तरी वाचकाचा मान एकानेच राखला जातो. पडद्याच्या रुंदीच्या टक्क्यांत अक्षर सांगण्याची जी नवी रीत आली ती तर अधिक फसवी. तीत पान कितीही मोठे केले तरी अक्षर जागचे हलत नाही, आणि रेमची जोड दिल्याखेरीज ती निर्धास्तपणे वापरता येत नाही. काही पाने दोन बोटांनी मोठे करण्यासच बंदी घालतात. आयफोनच्या ब्राउझरने २०१६ पासून ही बंदी जुमानणे सोडले, हे योग्यच झाले.

भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, त्यांची सुधारित रूपे २०१८ व २०२३ मध्ये निघाली, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सुलभतेस कायद्याचे अधिष्ठान दिले. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या ज्या सेवेवर यवतमाळसारख्या जिल्ह्यांची संकेतस्थळे उभी आहेत तिच्या लांबलचक इंग्रजी नावात मापानुसार वाढण्याची क्षमता सांगणारा शब्द आहे आणि त्याच्याशेजारी आपला ‘सुगम्य’ हा शब्दही आहे. या संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षर लहान-मोठे करण्याची बटणे असतात. हेतू स्तुत्य, परंतु ज्याला बारीक अक्षर दिसत नाही त्याने प्रथम ते बारीक बटण शोधावयाचे, असा हा उपाय आहे, आणि त्याचा परिणाम त्या एका संकेतस्थळापुरता राहतो. यवतमाळ जिल्ह्यात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी आणि कोलामी या भाषा घराघरात बोलल्या जातात. कार्यालयीन मराठी ही ज्यांची घरची भाषा नव्हे त्यांना ती अक्षर न् अक्षर लावून वाचावी लागते. ओळखीच्या शब्दाचा नुसता आकार पाहून पुढे सरकण्याची सवलत त्यांना नाही. मोठ्या अक्षराची गरज वयापुरती मर्यादित नाही, ती अशी भाषेशीही निगडित आहे.

अक्षराइतकेच ओळींतील अंतराचे माप देवनागरीस महत्त्वाचे आहे. शिशाच्या काळात दोन ओळींमध्ये पट्टी घालीत. सीएसएसमध्ये ओळीची उंची पिक्सेलमध्ये सांगितली आणि वाचकाने अक्षर मोठे केले, तर अक्षर वाढते पण ओळ वाढत नाही. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर चढतात. बटण किंवा चौकट ठराविक उंचीची असेल तर रफार व अनुस्वार वरून छाटले जातात. रोमन मजकुरात असे झाल्यास अक्षराचे टोक जाते आणि शब्द बहुधा ओळखता येतो. मराठीत ‘वर्ग’चा ‘वग’ आणि ‘रंग’चा ‘रग’ होतो. यावर उपाय जुनाच आहे: ओळीची उंची एककाविना केवळ पटीत सांगावी, आणि रोमनसाठी चालणाऱ्या १.२ पटीवर देवनागरीने समाधान मानू नये. २०१८ च्या मार्गदर्शिकेने वाचकाने ओळीची उंची दीडपट केली तरी मजकूर तुटू नये असे म्हटले आहे. देवनागरीस ते जणू मुद्दाम सांगितल्यासारखे आहे. त्याच कलमात दोन अक्षरांमधील अंतर वाढविण्याचीही तरतूद आहे, आणि तेथे मात्र लिपी वेगळी पडते. देवनागरीत अक्षरे सुटी केली की शिरोरेषा तुटते व शब्दाची एकजूट नाहीशी होते. जी सोय ज्या लिपीस लागू नाही ती तिच्यासाठी वगळण्याची मुभा कलमात आहे. ती वापरावी हे बरे.

त्याच २०१८ च्या मार्गदर्शिकेने ३२० पिक्सेलांच्या रुंदीतही मजकूर आडवा न सरकविता वाचता यावा असे सांगितले, परंतु तक्त्यांसारख्या द्विमिती रचनेला त्यातून सूट दिली. सातबारा हा तक्ताच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची घरे कागदासाठी आखली गेली, आणि कागदावर ती सोयीची आहेत. भूमापन क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकारणी, इतर हक्क ही माहिती एकाखाली एक अशा ओळींत, रेमच्या मापात मांडता येणार नाही असे तिच्या स्वरूपात काहीच नाही. स्वाक्षरीच्या बांधीव पानासोबत असा वाचनीय मजकूर देण्यास कायद्याची हरकत दिसत नाही. आखणीची सवय तेवढी आड येते.

एककांच्या कोठारात मात्र देवनागरीची म्हणून एक उणीव आहे आणि ती कर्त्यांच्या सवयीने भरून निघणारी नाही. ‘एक्स’ हे एकक रोमन लघुलिपीतील एक्स या अक्षराच्या उंचीवरून घेतले आहे. ‘सीएच’ हे रोमन शून्याच्या रुंदीवरून. चिनी-जपानी लेखनासाठी ‘आयसी’ हे एकक आहे, ते पाण्याच्या चिनी अक्षराच्या रुंदीवरून ठरते. देवनागरी अक्षरावरून ठरणारे एककच नाही. दोन फॉन्टांचे दृश्य आकार सारखे करण्यासाठी १९९८ पासून सुचविलेला नियमही रोमन एक्सच्या उंचीचे प्रमाण पाहतो. फॉन्टात देवनागरी व रोमन दोन्ही असल्या तरी त्यांचे परस्परप्रमाण आखणारा आपल्या रुचीने ठरवितो, त्यामुळे रोमन एक्स जुळले म्हणून ‘क’ जुळेल असे नाही. असे एकक घ्यावयाचे तर कोणत्या अक्षरावरून, हा प्रश्न लिपिशास्त्राचा आहे. ‘क’ रुंद आहे, ‘र’ अरुंद. ‘ह’ आणि ‘द’ पायाखाली कमीअधिक उतरतात. उंचीच घ्यावयाची तर शिरोरेषेपासून काना जेथे संपतो तेथपर्यंतचे अंतर त्यातल्या त्यात स्थिर आहे, कारण काना कोणत्याही वळणाच्या अक्षरात सरळच राहतो.